वर्गातला सर्वांत मोठा विद्यार्थी : संत इग्नेशियस लोयोला

आपल्या धर्मग्रामातला एखादा मुलगा सेमिनरीत गेला की पहिली दोन-तीन वर्षे आपण मोठ्या कौतुकाने त्याची चौकशी करतो. पुढे लग्नाकार्यात त्याची आई भेटली की आपला एकच प्रश्न ठरलेला, ब्रदरची अजून किती वर्षे राहिली? त्याच्याबरोबर दहावी झालेली मुले नोकरीला लागतात, त्यांची लग्ने होतात, लेकरांचे बाप्तिस्मे होतात, आणि हा अजून पुस्तके घेऊन बसलेला! तत्त्वज्ञान झाले, मग ईशज्ञान, मध्ये काही काळ एखाद्या धर्मग्रामात अनुभवासाठी, की पुन्हा अभ्यास. भक्ती आहे, प्रार्थना येते, लोकांविषयी कळवळा आहे, मग एवढ्या शिक्षणाची गरज काय, असे आपल्यापैकी अनेकांना मनातून वाटते. काही जण ते बोलूनही दाखवतात.

हा प्रश्न नवा नाही. ३१ जुलै रोजी ज्यांचा सण आपण साजरा करतो त्या संत इग्नेशियस लोयोला यांच्यापुढे तो सुमारे पाचशे वर्षांपूर्वी उभा राहिला होता आणि त्यापायी त्यांना तुरुंगही पाहावा लागला. पांपलोनाच्या लढाईतील तोफेचा गोळा, मोडलेला पाय आणि आजारपणात वाचलेली संतचरित्रे ही कथा आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेली आहे. त्यानंतरची विद्यार्थिदशेची वर्षे मात्र सहसा कोणी सांगत नाही. म्हणून आज आपण तीच पाहू.

इग्नेशियस यांचा जन्म १४९१ साली स्पेनमधील बास्क प्रांतात, लोयोलाच्या सरदार घराण्यात झाला. मूळ नाव इनिगो. तारुण्य दरबारात आणि शस्त्रे वागविण्यात गेले. २० मे १५२१ रोजी ते जायबंदी झाले. बरे झाल्यावर १५२२ मध्ये मोन्सेरातच्या मरियामातेच्या वेदीपाशी त्यांनी तलवार ठेवली, अंगावरचे उंची कपडे एका भिकाऱ्याला दिले आणि मान्रेसा या गावी प्रार्थना व कडक तपश्चर्येत अनेक महिने काढले. पुढे जगभर प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आध्यात्मिक साधनेची टिपणे तिथेच सुरू झाली. अभ्यासाचा विचार तेव्हा त्यांच्या मनात नव्हता. जेरुसलेमला जायचे, प्रभू येशू जिथे चालला-बोलला तिथेच राहायचे आणि लोकांच्या आत्म्यांना मदत करायची, एवढाच त्यांचा बेत होता.

सप्टेंबर १५२३ मध्ये ते पवित्र भूमीत पोहोचले. पण तेथील फ्रान्सिस्कन अधिकाऱ्यांनी त्यांना राहू दिले नाही. यात्रेकरूंना पकडून खंडणी मागण्याचे प्रकार तिथे घडत असत. इग्नेशियस हट्ट धरून बसले, तेव्हा बहिष्काराची तंबी देऊन त्यांना परत पाठविण्यात आले. परतीच्या वाटेवर आता पुढे काय, हा विचार त्यांनी सारखा केला आणि शिकायचे असे ठरविले.

शिकायचे म्हणजे आधी लॅटिन हवे. त्या काळी विद्यापीठातले सगळे शिक्षण लॅटिनमध्ये चाले. १५२४ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, हा माजी सरदार बार्सिलोनात लहान मुलांच्या शेजारी बसून शब्द चालवू लागला. तिथले एक शिक्षक जेरोनिमो आर्देवोल यांनी त्यांना फुकट शिकविले आणि इसाबेल रोसेर या बाईंनी त्यांच्या पोटापाण्याची सोय पाहिली.

इथे एक गंमत झाली. क्रियापदे पाठ करायला बसले की त्यांचे मन देवाच्या चिंतनात रंगून जाई. नवनवे आध्यात्मिक विचार सुचत, गोड वाटे, आणि व्याकरण बाजूला राही. आपल्याला वाटेल, केवढे हे भाग्य! इग्नेशियसना मात्र संशय आला. प्रार्थनेला बसलो असता, मिस्सात असता हे विचार एवढ्या जोराने येत नाहीत, नेमके अभ्यासाच्या वेळीच का येतात? हा मोहच आहे असे त्यांनी ओळखले. मग ते आपल्या शिक्षकांना सांता मारिया देल मार या चर्चमध्ये घेऊन गेले, सगळा प्रकार सांगितला आणि वचन दिले की बार्सिलोनात भाकरी-पाणी मिळत राहिले तर दोन वर्षे तुमचा एकही तास चुकविणार नाही. देवाचे नाव घेऊन येणारी प्रत्येक गोष्ट देवाकडूनच येते असे नाही, हे त्यांना व्याकरणाच्या पुस्तकापाशी कळले. परीक्षेच्या दिवसांत अभ्यास टाकून नोव्हेनाला धावणाऱ्या आपल्या मुलांना आणि त्यांना धाडणाऱ्या आयांना हा प्रसंग जरूर सांगावा असे आम्हाला वाटते.

दोन वर्षांनी, १५२६ मध्ये, ते अल्काला विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी घाई केली. तर्कशास्त्र, निसर्गविज्ञान आणि ईशज्ञान असे तिन्ही विषय एकदम हाती घेतले आणि धड कोणताच झाला नाही. शिवाय त्यांचा अर्धा वेळ लोकांना प्रार्थना शिकविण्यात आणि आध्यात्मिक साधना देण्यात जाई. घराघरांतून माणसे जमू लागली, विशेषतः बायका. जाडेभरडे एकसारखे झगे घातलेले इग्नेशियस व त्यांचे सोबती सगळ्यांच्या नजरेत आले. तो काळ नाजूक होता. जर्मनीत मार्टिन लूथर यांचे बंड सुरू होते. स्पेनमध्ये पवित्र आत्मा थेट आपल्याला प्रकाश देतो, आता आपल्याला ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीची गरज नाही, असे म्हणणारे काही गट निघाले होते. धर्मन्यायालयाची चौकशी लागली आणि १५२७ साली इग्नेशियसना ४२ दिवस तुरुंगात काढावे लागले. त्यांच्या शिकवणुकीत चूक सापडली नाही. पण तुमचे शिक्षण झालेले नाही, तेव्हा काही वर्षे अभ्यास होईपर्यंत धर्माच्या विषयांवर लोकांशी बोलू नका, असा हुकूम झाला.

ते सालामांकाला गेले. तिथे दहा-बारा दिवस होतात न होतात तोच डॉमिनिकन फादरांनी त्यांना मठात जेवायला बोलावले. जेवणानंतर विचारपूस सुरू झाली. तुम्ही काय शिकला आहात? इग्नेशियसनी प्रामाणिकपणे सांगितले की सोबत्यांमध्ये जास्त शिकलेला मीच, आणि माझेही शिक्षण फारच थोडे आहे. मग फादरांनी पेचात टाकले. देवाविषयी बोलायचे तर एक तर विद्या हवी, नाही तर पवित्र आत्म्याची प्रेरणा. तुम्हाला विद्या नाही, म्हणजे तुम्ही आत्म्याच्या प्रेरणेने बोलता असा दावा करता काय? इग्नेशियसना यातला धोका कळला आणि ते गप्प राहिले.

पुन्हा तुरुंग, २२ दिवस. पायात बेडी, आणि ती बेडी दुसऱ्या सोबत्याच्या पायाशी जोडलेली. दोन सोबती खालच्या सार्वजनिक तुरुंगात होते. एका रात्री तिथले सगळे कैदी पळून गेले. सकाळी पाहतात तो दारे सताड उघडी आणि आत हे दोघेच बसलेले! गावभर त्याची चर्चा झाली. न्यायाधीशांनी इग्नेशियसना ईशज्ञानातले अवघड प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे त्यांनी बरोबर दिली. पहिल्या आज्ञेवर बोलायला सांगितले तेव्हा ते इतका वेळ बोलत राहिले की पुढे विचारण्याची कोणाला इच्छा उरली नाही. निकाल पुन्हा तसाच लागला. शिकवण निर्दोष आहे, मुलांना धर्मशिक्षण द्यायला हरकत नाही. मात्र कोणते पाप मर्त्य आणि कोणते क्षम्य, हे आणखी चार वर्षे अभ्यास केल्याशिवाय लोकांना सांगायचे नाही.

त्या न्यायाधीशांना आणि डॉमिनिकन फादरांना खलनायक ठरविणे सोपे आहे. बेडी घालणे आपल्याला पटणार नाही. पण त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. पापनिवेदनाला आलेल्या माणसाला, मरणाच्या दारात असलेल्या आजाऱ्याला, मोडत आलेल्या संसाराला आपण देवाच्या नावाने काही सांगतो, तेव्हा ते चुकले तर भोगावे कोणाला लागते? सांगणाऱ्याला नाही. इग्नेशियसना निकाल जाचक वाटला, पण त्यांनी बंड केले नाही, आणि अभ्यासही सोडला नाही. पुस्तके एका गाढवावर लादून ते निघाले, बार्सिलोनाला आले, आणि तिथून स्पेन व फ्रान्स यांचे युद्ध चालू असताना, मित्र नको नको म्हणत असताना, भर हिवाळ्यात एकटे पायी पॅरिसला गेले. तारीख होती २ फेब्रुवारी १५२८.

पॅरिसमध्ये त्यांनी काय केले? पुन्हा लॅटिन! आपला पाया कच्चा राहिला आहे हे त्यांनी मान्य केले आणि माँतेग्यू कॉलेजात परत मुलांबरोबर बसले. तेव्हा ते छत्तीस-सदतीस वर्षांचे होते. जवळचे पैसे एका स्पॅनिश विद्यार्थ्याकडे ठेवायला दिले होते, ते त्याने खर्चून टाकले. मग इग्नेशियसना कॉलेजपासून दूर असलेल्या यात्रेकरूंच्या धर्मशाळेत राहावे लागले. धर्मशाळेचे दार सकाळी उजाडल्यावर उघडे आणि संध्याकाळच्या घंटेला बंद होई. त्यामुळे पहाटेचा तास बुडे आणि संध्याकाळचाही. दिवसा भीक मागायची आणि उरल्या वेळात शिकायचे. शेवटी दरवर्षी सुट्टीत फ्लँडर्सला व एकदा लंडनला जाऊन तेथील स्पॅनिश व्यापाऱ्यांकडून वर्षाचा खर्च जमवायचा, हा मार्ग सापडला. पैसे उडविणारा तो विद्यार्थी पुढे रूआँ शहरी आजारी पडल्याचे कळले, तेव्हा इग्नेशियस उपाशीपोटी, अनवाणी तीन दिवस चालत त्याला मदत करायला गेले.

१५२९ मध्ये ते सेंट बार्ब कॉलेजात तत्त्वज्ञान शिकू लागले. खोलीत दोन तरुण होते. एक पीटर फाबर, सॅव्हॉयमधील मेंढपाळाचा मुलगा, अतिशय हुशार. इग्नेशियसची उजळणी घेण्याचे काम त्यांच्याकडे आले. पंधरा वर्षांनी लहान मुलाकडून हे गृहस्थ ॲरिस्टॉटल शिकत. दुसरे नावार प्रांतातले फ्रान्सिस झेवियर. पांपलोनाच्या लढाईत झेवियर यांचे भाऊ इग्नेशियसच्या विरुद्ध बाजूने लढले होते!

इथेही अभ्यासाच्या वेळी चिंतनाचा तो जुना मोह आला आणि पुन्हा शिक्षकांना वचन देऊन त्यांनी तो परतविला. त्या काळात त्यांचे बरे चालले आहे, कोणी त्रास देत नाही, याचे एका प्राध्यापकांना नवल वाटले. इग्नेशियसनी सांगितले की सध्या मी कोणाशी देवाविषयी बोलत नाही म्हणून शांतता आहे. कोर्स संपला की पुन्हा पहिले पाढे सुरू होतील.

मास्टर ऑफ आर्ट्सची पदवी मिळाली तेव्हा ते चाळिशी ओलांडून गेले होते. त्यानंतर ईशज्ञान, आणि तेही पॅरिसच्या डॉमिनिकन फादरांकडे. ज्या संघाच्या मठात त्यांच्या अज्ञानावर बोट ठेवले गेले, त्याच संघाच्या मठात बसून त्यांनी संत थॉमस अक्वायनस यांचे शिक्षण घेतले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी माँमार्त्र टेकडीवरील चॅपेलमध्ये सात मित्रांनी दारिद्र्य, ब्रह्मचर्य व जेरुसलेमच्या यात्रेचे व्रत घेतले. त्यांच्यात धर्मगुरू एकटे फाबर, मिस्सा त्यांनीच केली. पोटाच्या दुखण्यामुळे इग्नेशियसना १५३५ साली पॅरिस सोडावे लागले. ईशज्ञानाचा अभ्यास अर्धवट राहिला, तो त्यांनी व्हेनिसमध्ये स्वतः वाचून पुढे नेला.

२४ जून १५३७ रोजी व्हेनिसमध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. लॅटिनचा पहिला धडा घेतल्याला तेरा वर्षे झाली होती. आणि एवढे होऊनही त्यांनी पहिली मिस्सा लगेच केली नाही. पवित्र भूमीत, बेथलेहेमला करावी ही आशा होती. पण युद्धामुळे समुद्रमार्ग बंद राहिला. अखेर दीड वर्ष वाट पाहून, २५ डिसेंबर १५३८ रोजी, रोममधील सांता मारिया माज्जोरे बॅसिलिकात, बाळ येशूच्या गव्हाणीची स्मृती जपणाऱ्या चॅपेलमध्ये त्यांनी ती अर्पण केली.

१५४० साली पोप पॉल तिसरे यांनी येशूसंघाला मान्यता दिली. ६ मे १५४२ रोजी झेवियर गोव्यात उतरले, पुढे आपल्या वसईतही येऊन गेले. दक्षिणेच्या किनाऱ्यावर बाप्तिस्मा देऊन हात दुखू लागले तेव्हा त्यांना पॅरिस आठवले. तिथे जाऊन, प्रेमापेक्षा विद्याच जास्त असलेल्या पंडितांना हाका मारीत फिरावे, असे त्यांनी १५४४ च्या पत्रात लिहिले. विद्येची ही दुसरी बाजू इग्नेशियसनाही ठाऊक होती. संघाची घटना लिहिताना त्यांनी उमेदवारांचा अभ्यास लांबलचक ठेवला, शिकणाऱ्यांच्या प्रार्थनेचे तास मोजके केले, पण अभ्यासाच्या आधी आणि शेवटी अशी दोन्हीकडे साधनेची व सेवेची परीक्षा ठेवली. रुग्णालयात आजाऱ्यांची सेवा करणे आणि लहान मुलांना धर्मशिक्षण देणे यातून पंडितांचीही सुटका नव्हती.

२२ फेब्रुवारी १५५१ रोजी रोममध्ये, कॅपिटोल टेकडीच्या पायथ्याशी, भाड्याच्या घरात त्यांनी एक शाळा उघडली. तिचेच पुढे ग्रेगोरियन विद्यापीठ झाले. जगभरातले धर्मगुरू आजही तिथे ईशज्ञान शिकतात. १५५३ पासून तत्त्वज्ञान व ईशज्ञानाचे वर्ग सुरू झाले, आणि ३१ जुलै १५५६ रोजी इग्नेशियस वारले तोवर शाळेचा चांगला जम बसला होता. उघडताना मात्र ती अगदी साधी होती. दारावर पाटी लावली होती, तीत व्याकरण, साहित्य आणि ख्रिस्ती धर्मशिक्षण एवढेच विषय होते. व्याकरण पहिले. आणि शेवटी लिहिले होते की शिक्षण मोफत आहे.