विश्लेषण : आत कोण बसलंय, हे संगणकाला विचारायला शिकवणारे डेनिस रिची कोण होते?

लातूरच्या ट्यूशन एरियात काय किंवा नांदेडच्या शिकवणी वर्गांच्या गल्ल्यांत काय, अर्ज भरायचे दिवस आले की नेट कॅफेच्या दारात चपलांचा ढीग पडतो. नीटचा अर्ज, सीईटीचा अर्ज, मग कॅप राउंडचे पर्याय. विद्यार्थी पासवर्ड टाकून आत शिरतो, अर्ज भरतो, प्रिंट घेतो, पैसे देतो आणि बस गाठायला पळतो. खुर्ची रिकामी होते, खाते मात्र उघडेच राहते. त्याच खुर्चीत पुढचा येऊन बसतो. वर्षभराच्या अभ्यासानंतर भरलेले कॉलेजचे पर्याय अनोळखी माणसापुढे स्क्रीनवर उघडे असतात.

घरी पोचल्यावर आठवण झालीच, तर बहुतेक जण मोबाइलवरून पासवर्ड बदलतात आणि निर्धास्त होतात. फसगत होते ती इथेच. पासवर्ड हा दारावर एकदा विचारायचा प्रश्न आहे. आत शिरलेल्याला तो पुन्हा कोणी विचारत नाही. आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतच्या मुक्कामाला ‘सेशन’ म्हणतात आणि तो मुक्काम वेगळा संपवावा लागतो. काही सेवा पासवर्ड बदलताच जुने मुक्काम आपोआप मोडतात, पण सगळ्या नाही. ही रचना पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी ज्या दोघा-तिघांच्या हातून पक्की झाली, त्यांतील एक म्हणजे डेनिस रिची. बीसीए किंवा संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते ‘सी’ भाषेचे जनक म्हणून ठाऊक असतात. आत कोण आहे हे संगणकाला विचारता येते, ही त्यांची दुसरी देणगी तितकीशी ठाऊक नसते.

लॉगिनची गरज पडलीच का?

१९६०च्या दशकात संगणक खोलीभर आकाराचे आणि अतोनात महाग. एका माणसाने तो अडवून बसणे परवडणारे नव्हते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांच्या चमूने १९६१ मध्ये यावर उपाय दाखवला. तो आपल्याकडच्या कालव्याच्या पाणीपाळीसारखा होता. पाणी एकच, पण प्रत्येकाच्या शेताला ठरलेला वेळ. फरक एवढाच, की इथे पाळी सेकंदाच्याही लहान तुकड्यांची होती, त्यामुळे प्रत्येकाला संगणक आपल्या एकट्याचाच वाटे.

पाळी आली की कोणाची पाळी हे ओळखणे आले, म्हणून प्रत्येकाला नाव आणि पासवर्ड मिळाला. पाळीचे पाणी चोरणारेही लगेच निघाले. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आपला वेळ पुरेना, तेव्हा त्याने पासवर्डची सगळी यादीच छापून घेतली आणि इतरांच्या नावावर काम केले. पासवर्डच्या जन्माला पुरते वर्षही उलटले नव्हते की नव्हते!

रिची या वाटेला कसे आले?

डेनिस मॅकअलिस्टर रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी न्यूयॉर्कजवळच्या ब्राँक्सव्हिल इथला. वडील ॲलिस्टर रिची बेल लॅब्जमध्ये होते आणि टेलिफोनच्या स्विचिंग सर्किटवर त्यांनी सहकाऱ्यांसह पुस्तकही लिहिले होते. डेनिस हार्वर्डमधून १९६३ मध्ये भौतिकशास्त्राचे पदवीधर झाले. तिथेच युनिव्हॅक संगणकावरचे एक व्याख्यान ऐकून त्यांचे मन या यंत्राकडे वळले.

पुढे त्यांनी पीएच.डी.साठी प्रबंध लिहिला, पण पदवी मात्र कधीच घेतली नाही. प्रबंधाची बांधीव प्रत ग्रंथालयात जमा करण्याची शेवटची पायरी त्यांनी पार पाडली नाही, असे सांगितले जाते. इकडे प्रबंधाच्या बायंडिंगसाठी रात्री जागवणाऱ्या आपल्या संशोधकांना हे वाचून काय वाटेल, ते त्यांनाच ठाऊक. तो प्रबंध २०२० मध्ये अमेरिकेतील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने लोकांसमोर आणला.

१९६७ मध्ये ते वडिलांच्याच संस्थेत, बेल लॅब्जमध्ये रुजू झाले. तेव्हा एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज मिळून ‘मल्टिक्स’ ही मोठी व्यवस्था उभारत होते. शेकडो लोकांना एकाच संगणकावर एकाच वेळी काम करता यावे, असा तो बेत. काम लांबत गेले, खर्च वाढत गेला आणि १९६९ मध्ये बेल लॅब्जने अंग काढून घेतले. रिची आणि त्यांचे सहकारी केन थॉम्प्सन यांच्या हातातून एकत्र काम करण्याची सवय मात्र कोणाला काढून घेता आली नाही.

युनिक्स कसे उभे राहिले?

थॉम्प्सन यांना प्रयोगशाळेत पीडीपी-७ नावाचा जवळजवळ पडून असलेला एक छोटा संगणक सापडला. आधी त्यावर ग्रहांमधून यान चालवण्याचा खेळ आला. मग १९६९च्या उन्हाळ्यात पत्नी तान्ह्या मुलाला घेऊन तीन आठवडे सासरी गेली, त्या काळात थॉम्प्सन यांनी नव्या व्यवस्थेचा सांगाडा उभा केला. रिची सुरुवातीपासून या रचनेत सोबत होते. मल्टिक्सच्या नावावर कोटी करून तिला ‘युनिक्स’ म्हटले गेले.

मोठा संगणक घ्यायला वरिष्ठ तयार होईनात. तेव्हा या मंडळींनी पेटंट विभागाचे टंकलेखन सोपे करून देतो असे सांगून पीडीपी-११ मिळवला. त्याची स्मृती २४ किलोबाइट होती. आज व्हॉट्सॲपवर येणाऱ्या ‘सुप्रभात’च्या एका चित्राला एवढी जागा पुरत नाही. एवढ्यात पेटंट विभागाचे टंकलेखक एका बाजूला आपले अर्ज टंकत आणि दुसऱ्या बाजूला हे संशोधक तीच व्यवस्था घडवत. एकाच्या हातून दुसऱ्याचे काम बिघडले तर? म्हणजे आत कोण आहे, हे कळणे ही चैन नव्हती, रोजची निकड होती.

किल्ल्यांचा फळा आणि नोंदवही

थॉम्प्सन आणि रिची यांची युनिक्सची पहिली मार्गदर्शिका ३ नोव्हेंबर १९७१ची. तिच्यात ‘लॉगिन’ ही आज्ञा आहे आणि ‘हू’ ही आहे. ‘हू’ म्हणजे सरळ प्रश्न : कोण? ती टंकली की आत असलेल्यांची नावे, ते कोणत्या टर्मिनलवर आहेत आणि केव्हा आले, हे समोर येते.

यामागची युक्ती समजून घ्यायला नांदेडच्या एखाद्या यात्री निवासाचा काउंटर डोळ्यांपुढे आणा. भिंतीवर किल्ल्यांचा फळा असतो. जी किल्ली जागेवर नाही, त्या खोलीत कोणीतरी उतरले आहे. टेबलावर मोठी नोंदवही असते, तिच्यात कोण केव्हा आला आणि केव्हा गेला ते ओळीने लिहिलेले असते. फळा फक्त आत्ताचे सांगतो, वही मागचेही सांगते. युनिक्सने अशाच दोन फायली ठेवल्या. फळ्याची फाइल ‘यूटीएमपी’, वहीची ‘डब्ल्यूटीएमपी’. ‘हू’ पहिली वाचते, तर पुढे आलेली ‘लास्ट’ ही आज्ञा दुसरी. पहिल्या मार्गदर्शिकेतच दुसऱ्याच्या टर्मिनलवर निरोप पाठवणारी ‘राइट’ आणि असे निरोप नको असतील तर थोपवणारी ‘मेसेज’ या आज्ञाही होत्या. शेजारधर्माची ही सोय लॉगिनच्या इतकीच जुनी आहे.

तलाठ्याची युक्ती

यापुढची अडचण रिची यांनी स्वतः सोडवली आणि ती त्यांच्या बुद्धीची खरी खूण आहे. पासवर्डची फाइल कोणालाही बदलता आली तर सगळेच संपले. पण प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड तर बदलता आला पाहिजे. मग करायचे काय?

सातबाऱ्यावर शेतकऱ्याला स्वतःच्या हाताने लिहिता येत नाही. तो अर्ज देतो आणि तलाठी आपल्या अधिकारात फक्त तेवढीच नोंद धरतो. रिची यांनी प्रोग्रॅमला असाच अधिकार दिला. पासवर्ड बदलणारा प्रोग्रॅम चालवतो साधा वापरकर्ता, पण तो चालतो मालकाच्या, म्हणजे व्यवस्थापकाच्या अधिकाराने, आणि ठरलेल्या कामापलीकडे काही करत नाही. या ‘सेट-यूआयडी’ कल्पनेच्या पेटंटचा अर्ज १९७३ मध्ये झाला, पेटंट १९७९ मध्ये मिळाले आणि नंतर ते सर्वांसाठी खुले करण्यात आले.

१९७३ मध्येच युनिक्सचा गाभा रिची यांच्या ‘सी’ भाषेत नव्याने लिहिला गेला. त्यामुळे ती व्यवस्था एका यंत्राला बांधलेली राहिली नाही. १९७८ मध्ये ब्रायन कर्निघन यांच्यासह लिहिलेले त्यांचे ‘सी’चे पुस्तक आले. आपल्याकडे बहुतेकांनी ‘सी’ शिकली ती मात्र नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’मधून. १९८३ मध्ये थॉम्प्सन आणि रिची यांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. तो स्वीकारताना थॉम्प्सन यांनी एक आठवण सांगितली होती. कामाच्या वाटणीत एकदाच घोळ होऊन दोघांनी तोच वीस ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, आणि ताडून पाहिले तर अक्षर न् अक्षर सारखे निघाले.

आज एखाद्याचे सेशन कसे संपवतात?

विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयापासून लातूरच्या तंत्रनिकेतनापर्यंत कुठेही लिनक्सचा सामायिक सर्व्हर असेल, तर व्यवस्थापकाची रीत तीच. लिनक्स हे १९९१ मध्ये स्वतंत्रपणे लिहिले गेले, पण वळण युनिक्सचे.

काळ्या पडद्यावर आधी ‘डब्ल्यू’ ही एकाक्षरी आज्ञा द्यायची. ती कोण आत आहे, काय करतो आहे आणि किती वेळ हात न लावता बसून आहे, हेही सांगते. तीन तास निश्चल असलेले सेशन बहुधा विसरलेले असते. तरी आधी ‘राइट’ने निरोप द्यावा; समोरचा माणूस जेवायला गेलेला असू शकतो. उत्तर नाही आले, तर त्याच्या टर्मिनलचे नाव देऊन ‘पीकिल’ चालवायची. तीही आधी ‘हँगअप’ या सौम्य इशाऱ्याने. टेलिफोन ठेवल्यासारखा हा इशारा मिळाला की बहुतेक प्रोग्रॅम आवराआवर करून थांबतात. त्यानेही न हलणाऱ्यासाठी ‘किल’ आणि नऊचा आकडा आहेच, पण त्यात न जतन केलेले काम जाते. हल्लीच्या लिनक्सवर ‘लॉगिनसीटीएल’ सगळ्या सेशनना क्रमांक देते आणि क्रमांक सांगितला की ते सेशन मुळासकट संपवते.

नवशिका व्यवस्थापक दोन ठिकाणी हमखास अडखळतो. टर्मिनलऐवजी वापरकर्त्याचे नाव देतो आणि ते त्याचेच असते. क्षणात स्वतःच बाहेर! म्हणून आधी ‘हू ॲम आय’ विचारून आपली जागा पाहावी. दुसरी चूक म्हणजे खाते नुसते कुलूपबंद करून गप्प बसणे. कुलपाने नवा माणूस अडतो, आतला बाहेर येत नाही. उलट सेशन मोडले आणि कुलूप लावले नाही, तर तो परत येतो. दोन्ही करावे लागते. आणि विसरभोळ्यांसाठी ठरावीक वेळ स्वस्थ राहिलेले टर्मिनल आपोआप बंद करण्याची सोयही आहे.

‘यूटीएमपी’च्या जुन्या मांडणीत वेळेचा आकडा २०३८ मध्ये भरून वाहणार आहे, त्यामुळे काही लिनक्स व्यवस्था आता या फायलींना निरोप देत आहेत. फळा जाईल, प्रश्न राहील.

आपल्या मोबाइलचा याच्याशी काय संबंध?

अँड्रॉइडचा गाभा लिनक्स आहे. त्यात प्रत्येक ॲपला वेगळा वापरकर्ता क्रमांक मिळतो, म्हणून एका ॲपला दुसऱ्याची कपाटे उघडता येत नाहीत. पेटंट विभागाचे टंकलेखक आणि संशोधक यांच्यातली भिंत आता खिशात आली आहे. व्हॉट्सॲपमधले ‘लिंक्ड डिव्हायसेस’ किंवा गुगल खात्यातली उपकरणांची यादी म्हणजे बोटाने उघडायची ‘हू’ आज्ञाच. तिथे अनोळखी संगणक दिसला तर त्याच्या नावावर बोट ठेवून लॉगआउट करायचे, मग पासवर्ड बदलायचा. कॅफेत अर्ज भरून आलेल्याने बसमध्येच ही यादी पाहून घ्यावी.

शेवटची वर्षे

रिची अबोल आणि संकोची होते, पण थट्टेखोरही. १९८९ मध्ये रॉब पाइक यांच्या साथीने त्यांनी पेन आणि टेलर या जादूगारांना हाताशी धरून आपले नोबेलविजेते वरिष्ठ आर्नो पेन्झियास यांचीच फिरकी घेतली होती. दुपारी कामावर यायचे आणि रात्री उशिरापर्यंत जागायचे, हा त्यांचा शिरस्ता. २००७ मध्ये ते निवृत्त झाले. लग्न केले नाही, न्यू जर्सीतील बर्कले हाइट्समध्ये एकटेच राहत. १२ ऑक्टोबर २०११ रोजी ते घरी मृतावस्थेत आढळले. स्टीव्ह जॉब्स यांना जाऊन तेव्हा आठवडा झाला होता, त्यामुळे जगभरच्या पहिल्या पानांवर रिची यांना फारशी जागा मिळाली नाही. जॉब्स यांचा आयफोनही युनिक्सच्याच वंशावळीतला होता.

त्यांचा एक जुना पासवर्ड मात्र मागे राहिला होता. युनिक्सच्या १९८०च्या सुमारासच्या एका आवृत्तीत पासवर्डची फाइल तशीच राहून गेली होती. २०१४ मध्ये ती अभ्यासकांच्या हाती आली. थॉम्प्सन यांनी पासवर्ड म्हणून बुद्धिबळातली पहिली खेळी लिहिली होती. ती उलगडायला २०१९ उजाडले. रिची यांचा पासवर्ड मात्र सहज फुटला. तो होता चार अक्षरांचा, त्यांच्याच नावातला : डी, एम, ए, सी.