आधी कुत्र्यांना लस

आमच्या भुसावळात कुत्रं चावलं की अजूनही कुणी जखमेत तिखट भरतं. मला मग लुई पाश्चर आठवतात. १८२२ साली फ्रान्समध्ये चामडं कमावणाऱ्याच्या घरी जन्मले. लहानपणी त्या भागात पिसाळलेला लांडगा आला. चावलेल्यांना लोहाराकडे डागण्या दिल्या. पुढे अर्धांगवायू झाला, पण प्रयोग सुटले नाहीत. रेबीजची लस त्यांनी आधी कुत्र्यांना टोचली, मग ६ जुलै १८८५ला नऊ वर्षांच्या जोसेफला. पोरगं वाचलं! २८ सप्टेंबर १८९५ला पाश्चर गेले. तोच आता जागतिक रेबीज दिन. माणसांना इंजेक्शनं आली, कुत्री मात्र राहूनच गेली. गोव्यात २०१४पासून सरकार नि 'मिशन रेबीज' संस्थेने मिळून गल्लोगल्ली कुत्र्यांना लस दिली, तेव्हा माणसांचे बळी जवळजवळ थांबले. आपल्या नगरपालिकेकडे हेच मागायला हवं. तोवर कुत्रं चावलंच तर जखम पंधरा मिनिटं साबण लावून नळाखाली धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.