अंगणात आलेली शाळा : ताराबाई मोडक



मागे एकदा घरभेटीला गेलो असताना एका घरी चार वर्षांचा मुलगा वहीवर वाकून बसलेला दिसला. तो एकच अक्षर पानभर गिरवीत होता. बाहेर अंगणात तणसाचा ढीग होता, कोंबडीची पिल्ले मातीत पाय ओढत फिरत होती, आणि मुलाची नजर दारातून सारखी तिकडे जात होती. त्याच्या आईने आम्हाला विचारले की आणखी एक वर्ष याला घरीच ठेवले तर तो मागे पडेल का? शेजारची मुले केजीत जातात, इंग्रजीत रंगांची नावे सांगतात, आणि आपला मुलगा मात्र दिवसभर चिखलाच्या भाकरी थापतो याची त्या माउलीला काळजी वाटत होती.

त्या दिवशी आम्ही काहीतरी वरवरचे बोलून वेळ मारून नेली. परतीच्या वाटेवर मात्र एका बाईंची आठवण झाली. हाच प्रश्न त्यांनी आयुष्यभर डोक्यावर घेतला होता. त्यांचे नाव ताराबाई मोडक. आज त्यांच्या जीवनाकडे आपण थोडे थांबून पाहू या.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव आणि आई उमाबाई हे दोघेही प्रार्थना समाजाच्या सुधारणावादी विचारांचे होते. ज्या काळात मुलीच्या हातात पुस्तक दिसले की घरोघरी कुजबुज होई, त्या काळात या घरात मुलीने शिकावे असे मनापासून वाटत होते. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या.

पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या आपल्या विदर्भात राहायला आल्या. परंतु हा संसार टिकला नाही. १९२१ मध्ये पती-पत्नी वेगळे झाले. त्या संसाराचा न्याय करणे हे आमचे काम नाही. एवढेच लक्षात घ्यावे की शंभर वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळी झालेली, पदरी लहान मुलगी असलेली एक बाई समाजाच्या नजरा झेलीत उभी होती. ती खचली असती तरी कोणी नवल केले नसते.

ताराबाई खचल्या नाहीत. राजकोट येथील शिक्षिकांच्या बार्टन प्रशिक्षण महाविद्यालयात त्या प्राचार्या झाल्या. पद मानाचे होते, पगार बरा होता. तेथेच स्थिरावून राहणे सोपे होते. पण त्याच सौराष्ट्रात, भावनगरला, एक निराळेच काम सुरू झालेले होते. गिजुभाई बधेका नावाच्या गृहस्थांनी वकिली सोडून १९२० साली लहान मुलांसाठी बालमंदिर काढले होते. तेथे छडी नव्हती, धाक नव्हता. मुले गोष्टी ऐकत, गात, बागेत काम करीत, मातीत खेळत. मुलांवरील त्यांच्या मायेमुळे लोक गिजुभाईंना मिशा असलेली आई म्हणत. १९२३ साली ताराबाईंनी प्राचार्यपद सोडले आणि त्या गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या.

गिजुभाईंना ही वाट दाखवली होती इटलीच्या डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांनी. मॉन्टेसरीबाई कॅथोलिक होत्या. ६ जानेवारी १९०७ रोजी, म्हणजे तीन राजांच्या सणाच्या दिवशी, रोम शहरातील सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेले की जी मुले जिन्यांवर आणि रस्त्यावर भटकत, तीच ही मुले. मॉन्टेसरीबाईंच्या ध्यानात आले की मूल हातांनी शिकते. त्याला ओतू द्या, उचलू द्या, लावू द्या, पुसू द्या. मोठ्यांनी तयारी करून द्यावी आणि मग हात मागे घ्यावा. पुढे १९३९ साली त्या स्वतः भारतात आल्या आणि युद्धाची वर्षे त्यांनी येथेच काढली.

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार आम्हाला पाठ करावा लागे. बुद्धीत जे काही येते ते आधी इंद्रियांच्या दारातून येते, असा त्याचा आशय आहे. परीक्षेत आम्ही तो लिहिला, गुणही मिळवले. पण चिखलाची भाकरी थापणारे मूल त्याच दारातून ज्ञान आत घेत असते, हे कळायला आम्हाला फार वर्षे लागली. ओल्या मातीला आकार येतो, कोरडी माती ढासळते, जास्त पाणी घातले की भाकरी वाहून जाते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ते त्याच्या बोटांना समजलेले असते.

१९२६ साली गिजुभाई व ताराबाई यांच्या पुढाकाराने नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. बालमंदिरात मूल काही तासच असते, बाकीचा दिवस ते घरी असते, म्हणून आईबापांना शिकवल्याशिवाय मुलांचे शिक्षण पुरे होत नाही, हे दोघांनीही ओळखले होते. त्यासाठी शिक्षणपत्रिका नावाचे मासिक निघत असे. त्याच्या मराठी आवृत्तीचे संपादन ताराबाईंनी केले. १९३६ साली त्यांनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केले. तेथे मुले शिकू लागली आणि मुलांना कसे वाढवावे हे शिक्षिकाही शिकू लागल्या.

येथवर सारे उत्तम चालले होते. पण ताराबाईंच्या मनाला एक टोचणी होती. ही मुले कोणाची? ती शहरातल्या शिकल्या-सवरल्या घरांतली होती. मॉन्टेसरी पद्धतीची साधनेही महाग. ज्यांच्या घरी दोन वेळच्या जेवणाची भ्रांत आहे त्यांच्या मुलांनी काय करायचे? रोममध्ये जे काम गरिबांच्या वस्तीत जन्मले, ते आपल्या देशात येऊन श्रीमंतांच्या दारी अडकले होते.

म्हणून १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डी या गावी गेल्या. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आता ते पालघर जिल्ह्यात आहे. तेथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा होत्या, स्वतःच्या हिमतीवर शिकलेल्या होत्या. दोघींची ही जोडी शेवटपर्यंत टिकली.

बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली ती गरीब वस्तीतली मुले काही येईनात. आई पहाटे कामाला जाते, मुलाला नाहू-माखू घालून कोण पाठवणार? आपल्या मुलांना तेथे कोणी बसू देईल का, ही धास्ती वेगळीच. अशा वेळी आपण काय करतो? लोकांना आस्थाच नाही असे म्हणून मोकळे होतो. ताराबाईंनी दोष लोकांना दिला नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरवले.

मग शाळा वस्तीत गेली. झोपड्यांपुढचे अंगण हाच वर्ग झाला. तेथेच स्वच्छता, तेथेच गाणी, तेथेच गोष्टी आणि खेळ. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, खडे, बिया, पाने, काड्या आणि माती आली. मोठे-लहान ओळखायचे ते खड्यांवरून, मोजायचे ते बियांवरून. आया कामातून डोके वर काढून पाहू लागल्या. आपल्या दारातल्या कचऱ्यात आपल्या लेकराचे शिक्षण पडलेले आहे, हे त्यांना दिसले. अंगणात भरणारी ही बालवाडी म्हणून तिचे नाव पडले अंगणवाडी. आज देशभर सरकारी कागदांवर असलेला हा शब्द असा एका मराठी वस्तीच्या अंगणातून आला आहे.

१९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारली आदिवासींची वस्ती. येथे अडचण आणखी मोठी होती. मुले दिवसभर गुरे राखायला जात. तेव्हा शिक्षक गुरांमागे कुरणात गेले. गुरे चरत आणि शेजारीच मुले शिकत. तिला कुरणशाळा म्हणत. मोठ्या मुलींची अडचण निराळी होती. प्रत्येकीच्या कडेवर धाकटे भावंड. ते खाली ठेवल्याशिवाय हातात पाटी कशी घेणार? यावर तोड म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच जागी आणली गेली. तान्हे पाळण्यात, मधले खेळात आणि मोठी ताई वर्गात. या रचनेला विकासवाडी असे नाव मिळाले.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. योगायोग असा की ३१ ऑगस्ट हाच मारिया मॉन्टेसरी यांचा जन्मदिवस. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव दिले गेले. ते पाहायला ताराबाई नव्हत्या. अनुताईंनी मात्र १९९२ मध्ये आपला अंत होईपर्यंत कोसबाडचे काम पुढे नेले.

बंधू-भगिनींनो, आपल्या भंडारा जिल्ह्यातही गावोगावी अंगणवाडी आहे. पण कित्येकदा वाटते की नाव राहिले आणि अंगण हरवले. याची कबुली आम्ही स्वतःपासून देतो. काही वर्षांपूर्वी चर्चच्या आवारात बांधकामासाठी वाळू टाकली होती. मिस्सा संपली की सारी पोरे तिच्यावर धावत, बोगदे खणत, किल्ले रचत. आम्ही रागावून तिला काट्यांचे कुंपण घातले. वाळू वाचली. मुले मात्र भिंतीला टेकून मोठ्यांच्या मोबाईलमध्ये डोकावू लागली. धर्मशिक्षणाच्या वर्गात जी मुले चुळबुळ करतात म्हणून आम्ही तक्रार करीत होतो, त्यांच्या हातातले काम आम्हीच काढून घेतले होते.

आता त्या माउलीला आमचे उत्तर असे. तुमचा मुलगा मागे पडत नाही. देशाच्या २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही पहिलीच्या आधीची तीन वर्षे खेळातून शिकण्याची मानली आहेत. सहा वर्षे पूर्ण झाली की त्याला शाळेत जरूर घाला, तो त्याचा हक्क आहे. तोवर घाई नको. परंतु मूल घरी ठेवले म्हणजे आपले काम संपले असेही नाही. टीव्हीपुढे बसवलेले मूल घरी असूनही घरी नसते.

त्याच्या हातांना काम द्या. त्यासाठी बाजारात जावे लागत नाही. चिंचोके आणि सीताफळाच्या बिया वेगळ्या करू द्या. मापट्याने धान भरू द्या, सांडले तर वेचू द्या. अंगणात सडा टाकताना छोटा तांब्या त्याच्याही हाती द्या. परसात दोन वाल पेरू द्या आणि रोज पाणी घालू द्या. पळसाच्या पानांचे द्रोण, तणसाची बाहुली, ठिकरी, लगोरी हे सारे आपल्याकडे आहेच. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी विकत घेण्याआधी एक नंदी त्याला मातीचा करू द्या. त्याचे शिंग वाकडे झाले तर सरळ करायला जाऊ नका. रात्री एक गोष्ट सांगा. आणि दिवसातून थोडा वेळ काहीही न शिकवता त्याच्याजवळ बसा.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती सर्वांत अवघड आहे. रोवणीच्या दिवसांत आपल्या कित्येक घरांतील आठ-दहा वर्षांच्या मुली शाळा बुडवून धाकट्यांना सांभाळतात. आई बांधीत असते, दुसरा इलाज नसतो, हे आम्ही जाणतो. पण कोसबाडच्या टेकडीवर जो इलाज निघाला तो येथे का निघू नये? यंदा रोवणीचे दिवस सुरू झाले की चर्चचा हॉल सकाळपासून लहानग्यांसाठी उघडा ठेवायचा आम्ही ठरवले आहे. दोन-तीन आजींनी आणि कॉलेजच्या काही मुलींनी आळीपाळीने वेळ द्यावा. जुने लुगडे, पाळण्याची दोरी, बिया, डबे, जे असेल ते आणावे. नावे मिस्सेनंतर सॅक्रिस्टीत सांगावीत.

वाळूचे कुंपण आम्ही या आठवड्यात काढीत आहोत.