रुपयाचा अभ्यासक प्राध्यापक

मुंबईत आज बँकिंग व वित्त हे विषय घेऊन पदवी मिळविणाऱ्यांची संख्या मोठी आहे. मात्र १९१३ मध्ये सिडनहॅम महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा वाणिज्य शाखेची पदवी हीच एक नवलाई होती. याच महाविद्यालयात नोव्हेंबर १९१८ मध्ये २७ वर्षांचे एक प्राध्यापक अर्थशास्त्र शिकविण्यासाठी रुजू झाले. ते होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून १९१५ मध्ये एम. ए. ही पदवी घेतली. पुढच्याच वर्षी ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. मात्र शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट सोडून त्यांना मायदेशी परतावे लागले.

अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील हा तरुण आपल्याला काय शिकविणार, अशी शंका प्रारंभी काही विद्यार्थ्यांना होती. व्याख्याने सुरू झाल्यावर ती मावळली आणि अन्य महाविद्यालयांतील विद्यार्थीही त्यांच्या वर्गात येऊन बसू लागले. प्राध्यापकांच्या दालनात मात्र पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. विद्वत्ता मान्य होती. स्पर्श मान्य नव्हता.

पगारातून काटकसरीने शिल्लक टाकून मार्च १९२० मध्ये त्यांनी नोकरी सोडली. छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि स्नेही नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या आधारे ते पुन्हा लंडनला गेले. तेथे १९२१ मध्ये एम. एस्सी. आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. या पदव्या त्यांनी संपादन केल्या. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा प्रबंध त्याच वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. सरकारला मनाला येईल तेवढे चलन काढता येऊ नये, त्यावर निश्चित मर्यादा असावी, हा त्यातील मुख्य आग्रह होता.

या आग्रहामागे सामान्य माणसाचा विचार होता. रुपया स्वस्त केल्यास भाव चढतात, मजुरी मात्र त्या वेगाने वाढत नाही. व्यापाऱ्याचा नफा अखेर कष्टकऱ्याच्या खिशातून जातो, हे त्यांनी दाखवून दिले. भारतीय चलनाची चौकशी करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी साक्ष दिली. याच आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँकेचे कामकाज सुरू झाले.

वकिली आणि समाजकार्याच्या धबडग्यातही अध्यापन सुटले नाही. १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी प्रशिक्षण संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवीत. त्यांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५३ मध्ये स्वतंत्र वाणिज्य महाविद्यालय सुरू केले.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून देश त्यांना ओळखतो. पैशाचे शास्त्र शिकणाऱ्या तरुणांनी मात्र हेही ध्यानात ठेवावे, की चलनाच्या प्रत्येक निर्णयाचा भार कोणावर पडतो, हा प्रश्न या प्राध्यापकाने फार पूर्वीच विचारून ठेवला आहे.