कागदावरचे वय

माणसाला दोन वये असतात. एक अंगातले, दुसरे कागदावरचे. आमच्या जळकोटच्या पंचक्रोशीत जुन्या पिढीतल्या कितीतरी जणांचा कागदोपत्री जन्म १ जूनचा. आईवडिलांना तारीख ठाऊक नसे. शाळेत नाव घालताना गुरुजीच ती टाकून मोकळे होत. बँकेत अर्ज तपासताना ही तारीख मी असंख्य वेळा पाहिली. पुढे नोकरीची वयोमर्यादा आणि निवृत्तीचा दिवस तीच ठरवी. कागदाने माणसाला अडवल्याचे नवलाचे उदाहरण मात्र मला सापडले ते सातासमुद्रापलीकडे, बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनच्या आयुष्यात.

विल्टचा जन्म २१ ऑगस्ट १९३६ रोजी फिलाडेल्फियात झाला. घरात भावंडांचा मोठा गोतावळा. पोरगा वाढला तो सात फूट एक इंचापर्यंत. शाळेत असतानाच त्याचे नाव देशभर झाले. १९५५ मध्ये तो कॅन्सस विद्यापीठात दाखल झाला. तिथल्या नियमानुसार पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघात जागा नव्हती. पुढे १९५७ च्या अंतिम सामन्यात तीन वेळा जादा वेळ खेळूनही त्याचा संघ एका गुणाने हरला.

१९५८ मध्ये त्याने विद्यापीठ सोडले. वय एकवीस पुरे. करारावर सही करण्याइतका तो सज्ञान होता, पण व्यावसायिक संघटनेचा, म्हणजे एनबीएचा, नियम आडवा आला : शाळा सोडून चार वर्षे झाल्याखेरीज प्रवेश नाही. शिकत असो वा नसो, वर्ष भरलेच पाहिजे. मुलांचे शिक्षण पुरे व्हावे, हा त्यातला चांगला भाग. पण विद्यापीठांची प्रेक्षागृहे भरायची ती बिनपगारी खेळाडूंच्या जिवावर, हेही तितकेच खरे.

विल्ट रडत बसला नाही. हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या फिरत्या संघात तो वर्षभर खेळला. १९५९ मध्ये त्यांच्याबरोबर मॉस्कोपर्यंत जाऊन आला. त्याच वर्षी दार उघडले आणि पहिल्याच हंगामात तो सर्वोत्कृष्ट नवोदितही ठरला आणि सर्वोत्कृष्ट खेळाडूही. २ मार्च १९६२ रोजी हर्शी गावात त्याने एकट्याने एका सामन्यात १०० गुण केले. १९६७ आणि १९७२ मध्ये त्याच्या संघांनी विजेतेपद मिळवले. १२ ऑक्टोबर १९९९ रोजी, त्रेसष्टाव्या वर्षी, तो गेला.

पुढे स्पेन्सर हेवूड याने हाच नियम न्यायालयात नेला आणि १९७१ मध्ये तो खिळखिळा झाला. नंतर शाळेतून थेट व्यावसायिक झालेली पोरेही चमकली. २००५ च्या करारात मात्र संघटनेने पुन्हा एकोणीस वर्षांची अट आणली.

हे सारे आपल्याला दूरचे वाटेल. पण २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि खेळ पोटाला लावू शकतो, हे आपल्या खेड्यांतल्या घरांनाही दिसले. शालेय स्पर्धांत चौदा, सतरा, एकोणीस असे वयोगट असतात. तिथे जन्मतारीख काटेकोर तपासावी. थोराडांपुढे लहानग्यांचा बळी जाऊ नये. ती वयाची अट लेकराला सांभाळते. विल्टपुढची अट कमावत्या वयाच्या माणसाला दारात उभे करत होती. दोन्ही अटी कागदावर सारख्याच दिसतात. म्हणून उद्या आपल्या घरातल्या मुलापुढे असा कागद आला, तर आकडा नंतर पाहावा. त्या आकड्याने कोणाचे भले होते, ते आधी विचारावे.