पाटील मास्तरांचा पहिला वर्ग

साताऱ्याच्या एका लहानशा जागेत मोजकी मुले समोर घेऊन एक तरुण शिकवावयास बसला, तेव्हा त्याच्याजवळ ना पदवी होती, ना कोणाचे शिफारसपत्र. इंग्रजी सहावीच्या पुढे त्याची मजल गेली नव्हती. ज्या वसतिगृहात तो वाढला, तेथून त्यास बाहेर पडावे लागले होते. घरी लग्न झालेले आणि हाती उद्योग नाही, म्हणून वडिलांचे बोल ऐकून त्याने घर सोडले होते. अशा स्थितीत पोटासाठी धरलेल्या या शिकवणीनेच त्यास आयुष्याचे कार्य दिले. सातारकर त्यास पाटील मास्तर म्हणू लागले. हेच पुढे अवघ्या महाराष्ट्राचे कर्मवीर भाऊराव पाटील झाले.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी बाहुबलीच्या पावन परिसरातील कुंभोज या गावी एका दिगंबर जैन कुटुंबात झाला. घराणे वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. वडील पायगोंडा हे महसूल खात्यात नोकरीस, माता गंगाबाई धर्मपरायण. अस्पृश्यांना पाणी नाकारणाऱ्या विहिरीचा रहाट बालवयातील भाऊरावांनी मोडून टाकला, ही आठवण आजही सांगितली जाते. १९०२ च्या सुमारास ते कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले व दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनास ते गेले आणि परतल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला. बोर्डिंगची धुरा वाहणाऱ्या अण्णासाहेब लठ्ठे यांची शिस्त कडक होती. भाऊरावांना बोर्डिंग सोडावे लागले. तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला.

साताऱ्याच्या शिकवण्यांत त्यांचा जम बसत असतानाच १९१४ साली कोल्हापुरातील डांबर प्रकरण उद्भवले. पुतळ्यास डांबर फासल्याच्या या प्रकरणात लठ्ठे यांना गोवण्यासाठी भाऊरावांवर खोट्या साक्षीचे दडपण आले. ज्यांच्यामुळे आपणास बोर्डिंग सोडावे लागले, त्यांच्यावर सूड उगविण्याची संधी चालून आली होती. भाऊरावांनी तुरुंगवास व छळ सोसला, विहिरीत उडी घेऊन प्राण देण्याचाही प्रयत्न केला, परंतु असत्य साक्ष दिली नाही. मतभेद हा वैर धरण्याचा विषय नव्हे आणि सत्य हे व्रत केवळ मंदिरात म्हणावयाचे नव्हे, हा धडा त्यांनी स्वतःच्या आचरणाने घालून दिला.

पुढे किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्याच्या निमित्ताने ते खेडोपाडी हिंडले. नांगर घेणाऱ्या कुणब्याचा मुलगा मात्र गुरे राखतो, हे त्यांनी पाहिले. साताऱ्यातील मोजक्या मुलांना जे मिळाले, ते या मुलांना का मिळू नये, या विचारातून ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीस, कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एका पंक्तीस जेवू लागली. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आले.

या कार्यात सौभाग्यवती लक्ष्मीबाईंचा वाटा केवळ सहचारिणीचा नव्हता. सोवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या या माऊलीने सर्व जातींच्या मुलांना आपल्या हाताने वाढले. वसतिगृहात धान्य संपले, तेव्हा एकेक दागिना गेला आणि अखेर मंगळसूत्रही मोडले गेले. १९३० साली त्यांचे निधन झाले. जैन धर्मात आहारदान व शास्त्रदान यांची महती सांगितली आहे. या दांपत्याच्या घरी ही दोन्ही दाने एकाच चुलीपाशी घडली.

शाळा काढावयाच्या तर शिक्षक हवेत, हे जाणून १९३५ साली त्यांनी साताऱ्यास सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज उघडले. तेथे तयार झालेले तरुण दूरच्या वाड्यावस्त्यांवर जाऊन व्हॉलंटरी शाळा चालवू लागले. इमारत नसेल तेथे देवळात वा चावडीत वर्ग भरे. एक शिक्षक, थोडीशी मुले आणि एक फळा, एवढीच सामग्री. पाटील मास्तरांचा तो पहिला वर्ग अशा रीतीने गावोगावी भरू लागला. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. कमवा आणि शिका या योजनेने गरीब विद्यार्थ्यास दान घेण्याचा संकोच उरला नाही. तो आपल्या श्रमाने शिकू लागला.

१९५९ साली पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. देऊन गौरविले. इंग्रजी सहावीत अडलेल्या विद्यार्थ्याचा हा सन्मान होता. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले आणि ९ मे १९५९ रोजी त्यांनी देह ठेवला. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. वडाचे बीज मोहरीहूनही लहान असते. साताऱ्यातील ती शिकवणीही तशीच लहान होती. समाजकार्यास भांडवल किती लागते, याचा हिशेब मांडणाऱ्या प्रत्येकाने पाटील मास्तरांच्या पहिल्या वर्गाकडे एकवार अवश्य पाहावे. त्यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन.