कॅनव्हास जळाले, छायाचित्रे उरली

थळ (जि. रायगड) : शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून अलिबागकडे येणाऱ्या मोटारींपैकी काही थळच्या किनाऱ्यावर येऊन थांबतात. समोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी हे दोन जलदुर्ग दिसतात. जुलै २०२५ मध्ये ‘युनेस्को’ने मराठा लष्करी वारशाचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत समाविष्ट केले, त्यांत खांदेरीही आहे. गाडीतून उतरायचे, किल्ल्याचे छायाचित्र टिपायचे आणि पुढच्या गावाची वाट धरायची, असा हा प्रवास. युरोपातील खेड्यापाड्यांतून मोटारीने हिंडत जुनी गावे कॅमेऱ्यात साठविण्याची तेथील पर्यटकांची हौस आता आपल्याकडेही चांगलीच रुजली आहे.

या हौसेचा महाराष्ट्रातील एक पूर्वसूरी मात्र आज वेगळ्याच कारणासाठी ओळखला जातो. खांदेरीवरील दीपगृह १८६७ मध्ये उभे राहिले. त्या दशकात राज्याच्या दुसऱ्या टोकाला, अजिंठ्याच्या डोंगररांगांत आणि वऱ्हाडातील लहान लहान गावांत, साठीला आलेला एक ब्रिटिश लष्करी अधिकारी जुन्या वास्तूंची छायाचित्रे घेत होता. त्याच्याजवळ मोटार नव्हती. काचा, रसायने आणि अंधारा तंबू असा संसार बरोबर घेऊन त्याला हिंडावे लागे. हा अधिकारी म्हणजे मेजर रॉबर्ट गिल. पारोच्या प्रेमकथेचा नायक म्हणून मराठी माणूस त्यांना ओळखतो. त्यांच्या कामाचा जो भाग खऱ्या अर्थाने टिकून राहिला, त्याची ओळख मात्र फार थोड्यांना आहे.

लष्करातून लेण्यांत

गिल यांचा जन्म १८०४ मध्ये लंडनमध्ये झाला. विशीच्या सुमारास ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास लष्करात दाखल झाले आणि तेथील ४४ व्या देशी पायदळ पलटणीत अधिकारी झाले. चित्रकलेचा हात चांगला असलेला लष्करी अधिकारी, एवढीच त्यांची ओळख चाळिशीपर्यंत होती. ती बदलली अजिंठ्यामुळे.

अजिंठ्याची लेणी १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली होती. पुढील दोन दशकांत अनेक प्रवासी तेथे येऊन गेले. काहींनी भिंतीवरील चित्रांचे तुकडे खरवडून नेण्याचाही प्रयत्न केला. पावसाचे पाणी, वटवाघळे आणि माणसांचे हात या तिन्हींपुढे ही चित्रे फार काळ टिकणार नाहीत, हे जाणकारांच्या लक्षात आले होते. निळीच्या व्यापारातून वास्तुकलेच्या अभ्यासाकडे वळलेले जेम्स फर्ग्युसन यांनी १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे भारतातील लेण्यांविषयी निबंध वाचला. सोसायटीने कंपनीच्या संचालकांकडे आग्रह धरला आणि अजिंठ्यातील चित्रांच्या प्रतिकृती करून घेण्याचे ठरले. १८४४ मध्ये या कामासाठी गिल यांची निवड झाली.

त्या वेळी अजिंठा गाव निजामाच्या राज्यात होते. गिल यांचा मुक्काम गावातील बारादरीत असे, आणि लेणी तेथून काही कोसांवर, घाट उतरून वाघूर नदीच्या खोऱ्यात. परिसर दाट जंगलाचा, श्वापदांचा आणि हिवतापाचा होता. गुंफांत उजेड बेताचा. त्यातही दिवसाचे थोडेच तास तो भिंतींपर्यंत पोहोचे. अशा परिस्थितीत त्यांनी तैलरंगांत मोठमोठे कॅनव्हास रंगविले. सुमारे दोन दशके हे काम चालले आणि तीसच्या आसपास प्रतिकृती तयार होऊन समुद्रमार्गे लंडनला रवाना झाल्या.

पारोची कबर आणि १८५६ हे वर्ष

अजिंठा गावात पारोची कबर आहे. तिच्यावरील लेखात तिचे नाव, २३ मे १८५६ ही मृत्यूची तारीख आणि गिल यांचा तिच्याविषयीचा जिव्हाळा, एवढेच आहे. त्याभोवती विणली गेलेली कथा लोकांच्या तोंडून वाढत गेली. गिल यांना इंग्लिश पत्नी होती, मुले होती. पारो मात्र याच मातीतली. भाषा, धर्म आणि सत्ता यांच्या भिंती ओलांडणारी ही जोडी कवी-कलावंतांना भुरळ घालणार हे स्वाभाविकच होते. ना. धों. महानोर यांनी तिच्यावर ‘अजिंठा’ हे दीर्घ काव्य लिहिले आणि नितीन चंद्रकांत देसाई यांनी २०१२ मध्ये त्याच नावाचा चित्रपट काढला. गिल यांचे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले ते या कथेमुळे.

मात्र १८५६ हे वर्ष गिल यांच्या आयुष्यात आणखी एका कारणाने महत्त्वाचे ठरले. त्याच सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला.

काळही त्याला अनुकूल होता. फ्रान्समध्ये १८५१ साली सरकारने पाच छायाचित्रकारांना देशाच्या निरनिराळ्या भागांत पाठवून जुनी गावे, चर्च आणि किल्ले यांची छायाचित्रे घेण्यास सांगितले होते. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वान तिच्या कामात सहभागी होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. जुन्या वास्तूंची चित्रे हाताने काढून घेण्यापेक्षा त्यांची छायाचित्रे घेणे स्वस्त आणि अधिक विश्वासार्ह, असे कंपनी सरकारचेही मत बनत चालले होते. मुंबई सरकारने तोफखान्यातील कॅप्टन थॉमस बिग्ज यांना विजापूर आणि आसपासच्या वास्तू टिपण्याच्या कामावर नेमले, तेही याच काळात.

काच ओली असेपर्यंत

आजच्या वाचकाला त्या छायाचित्रणाची कल्पना येणे कठीण आहे. काचेच्या स्वच्छ तावदानावर कलोडियन नावाचा चिकट द्राव सारखा पसरायचा. ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून छायाचित्र घ्यायचे आणि लेप सुकण्यापूर्वीच अंधाऱ्या तंबूत ती धुऊन काढायची. सगळे काम मोजक्या मिनिटांत उरकावे लागे. अजिंठ्याच्या उन्हाळ्यात लेप भराभर सुकत असणार, हे सांगायला नको. म्हणजे छायाचित्रकार जेथे जाईल तेथे त्याची प्रयोगशाळाही बरोबर जाणे भाग होते. काचा, बाटल्या, तिकाटणे, तंबू आणि काचा धुण्यापुरते स्वच्छ पाणी, एवढ्याची तजवीज झाल्याशिवाय एकही छायाचित्र निघत नसे.

गिल यांनी यात आणखी एका कौशल्याची भर घातली. शेजारी शेजारी दोन भिंगांतून घेतलेली जोडछायाचित्रे विशिष्ट दुर्बिणीतून पाहिली की दृश्याला खोली येते. या प्रकाराला स्टिरिओस्कोप म्हणत. लेण्यातील खांबांच्या रांगा, चैत्याची कमान, शिल्पांचे उठाव या गोष्टी सपाट चित्रात जशा कळत नाहीत तशा या जोडचित्रांत कळत.

या तंत्राची एक मर्यादा मात्र निर्णायक ठरली. कलोडियनच्या काचेला निळा प्रकाश चटकन दिसे, तांबडा आणि पिवळा जवळजवळ दिसतच नसे. अजिंठ्याच्या चित्रांत गेरूचा तांबडा आणि मातकट पिवळा हेच प्रमुख रंग. त्यात गुंफेचा अंधार. त्यामुळे ज्या भित्तिचित्रांसाठी गिल यांना पाठविले होते, त्यांच्यापुढे त्यांचा कॅमेरा हतबल होता. चित्रांसाठी कुंचला आणि वास्तू-शिल्पांसाठी कॅमेरा, अशी कामाची विभागणी आपोआपच झाली. आणि कॅमेऱ्यानेच त्यांना गुंफांबाहेर, गावोगावी नेले.

आडवाटेची गावे

अजिंठ्याजवळच्या अन्वा गावात शिल्पसमृद्ध प्राचीन मंदिर आहे. गिल यांनी ते टिपले. उल्कापाताच्या विवरामुळे आज जगाला ठाऊक असलेल्या लोणारला ते गेले आणि तेथील दैत्यसूदनाच्या मंदिराची छायाचित्रे घेतली. मेहकरची दगडी खांबांची जुनी धर्मशाळा त्यांच्या कॅमेऱ्यात आली. साखरखेर्डा येथे १७२४ मध्ये पहिल्या निजामाने मुबारिजखानाचा पराभव केला आणि गावाला फत्तेखेर्डा हे नाव मिळाले. तेथील मशिदीचेही छायाचित्र गिल यांनी घेतले.

ही यादी बारकाईने पाहावी अशी आहे. अजिंठा-वेरूळची कीर्ती तेव्हाही युरोपात पोहोचली होती. अन्वा, मेहकर किंवा साखरखेर्डा यांची नव्हती. भारतीय पुरातत्त्व खाते १८६१ मध्ये सुरू झाले ते उत्तरेतील पाहणीपासून. पश्चिम भारताची पद्धतशीर पाहणी जेम्स बर्जेस यांच्याकडे सोपविली गेली ती १८७४ मध्ये. म्हणजे सरकारी पाहणीची पावले या गावांकडे वळण्याच्या कितीतरी आधी गिल यांचा तंबू तेथे पडला होता. मंदिर, मशीद, धर्मशाळा असा भेद त्यांच्या निवडीत दिसत नाही. रस्त्यात जे जुने आणि देखणे भेटले ते त्यांनी टिपले.

या परिश्रमांचे फळ १८६४ मध्ये दिसले. त्या एकाच वर्षी लंडनमध्ये दोन पुस्तके निघाली. एका पुस्तकात भारतातील लेण्यांची ७४ छायाचित्रे होती. दुसऱ्यात पश्चिम भारतातील वास्तुकला आणि निसर्ग यांची १०० जोडछायाचित्रे. दोन्हींतील छायाचित्रे गिल यांची आणि वास्तूंवरील विवेचन फर्ग्युसन यांचे. गिल स्वतः शिकारीचे शौकीन असल्याने दुसऱ्या पुस्तकात वन्य प्राण्यांनाही स्थान मिळाले. त्या काळी अशा पुस्तकात छायाचित्रांचे छाप एकेक करून पानांवर चिकटवावे लागत. तरीही प्रत्येक प्रतीबरोबर लोणार किंवा अजिंठा एका नव्या घरात, नव्या ग्रंथालयात पोहोचत होते. ही गोष्ट किती मोलाची होती, ते दोनच वर्षांत कळून आले.

आग

गिल यांचे तैलरंगातील बहुतेक कॅनव्हास लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेले होते. काच आणि लोखंडाची ही अवाढव्य वास्तू म्हणजे त्या युगाचा अभिमान. ३० डिसेंबर १८६६ रोजी तिच्या उत्तरेकडील भागाला आग लागली आणि गिल यांची बहुतेक चित्रे भस्मसात झाली. अन्यत्र असलेली चार-पाच काय ती बचावली. जी वाचली ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. एका माणसाच्या उमेदीच्या वर्षांची कमाई एका दिवसात नाहीशी झाली. तेव्हा गिल ६२ वर्षांचे होते.

येथे एक क्रूर योगायोग नोंदवायला हवा. मुंबई सरकारने १८७२ मध्ये जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे हेच काम नव्याने सोपविले. ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह अनेक हिवाळे अजिंठ्यात काढले. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे पुढे नावाजलेले चित्रकार त्यांत होते. या प्रतिकृतीही लंडनला गेल्या आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील आगीत त्यांतील अनेक जळाल्या. पुढे १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्स यांचे दोन खंड प्रसिद्ध झाल्याने त्यांच्या कामाचा मोठा भाग निदान छापील रूपात तरी वाचला. विसाव्या शतकात गुलाम याझदानी यांनी हैदराबाद संस्थानातर्फे छायाचित्रांच्या आधारे अजिंठ्याचे चार खंड सिद्ध केले, तेव्हा कोठे त्या चित्रांची खात्रीची नोंद जगापुढे आली. दरम्यान भिंतींवरील मूळ चित्रांची झीज थांबली नव्हती. गिल यांनी १८४५ नंतरच्या वर्षांत जे तपशील प्रत्यक्ष पाहून रंगविले, त्यांतील नाहीसे झालेले तपशील पुन्हा पाहणे कोणालाच शक्य नाही.

गिल यांनी भारत सोडला नाही. १८७९ मध्ये त्यांचे निधन झाले. रेल्वेमुळे नव्याने वाढत असलेल्या भुसावळ येथे त्यांचे दफन झाले. पारोची कबर अजिंठ्याला आणि गिल यांची भुसावळला. दोहोंमध्ये एका दिवसात जाऊन येण्याइतके अंतर आहे.

काय टिकले?

गिल यांच्या आयुष्याचा हिशेब मांडला तर तो विलक्षण दिसतो. ज्या कामासाठी त्यांना नेमले, ज्यावर सरकारने खर्च केला आणि ज्यासाठी त्यांनी प्रकृतीची पर्वा केली नाही, ते काम आगीत गेले. ज्याकडे ते पूरक उद्योग म्हणून वळले, ती छायाचित्रे आज ब्रिटिश लायब्ररीसारख्या संग्रहांत अभ्यासकांना पाहता येतात. याचे कारण कुंचल्यापेक्षा कॅमेरा श्रेष्ठ, असे मुळीच नाही. रंगांच्या बाबतीत तर तो कॅमेरा कुंचल्यापुढे दुबळाच होता. कारण साधे आहे. कॅनव्हास एकच होता आणि तो एकाच छपराखाली टांगला होता. छायाचित्राच्या अनेक प्रती निघाल्या, त्या अनेक ठिकाणी गेल्या आणि प्रत्येकीबरोबर गावाचे व वास्तूचे नाव गेले.

जतनाचे काम करणाऱ्यांसाठी हा धडा आजही जुना झालेला नाही. थळच्या किनाऱ्यावर एका सुटीच्या दिवशी खांदेरीची जितकी छायाचित्रे निघत असतील, तितकी गिल यांनी आयुष्यभरात घेतली नसतील. पण स्थळ आणि तारीख नोंदविल्याशिवाय एकाच मोबाइलमध्ये पडून राहिलेले छायाचित्र तो मोबाइल बिघडला की संपते, आणि पन्नास वर्षांनी तटाचा कोणता भाग कधी ढासळला हे विचारणाऱ्याला त्याचा उपयोग होत नाही. लोणारच्या मंदिराचा जीर्णोद्धार किंवा मेहकरच्या खांबांची डागडुजी करू पाहणाऱ्याला दीडशे वर्षांपूर्वीचे ते दगड कसे रचलेले होते हे आज गिल यांच्या छायाचित्रांत पाहता येते. पारोच्या कथेने गिल यांना अमर केले, हे खरेच. मात्र अन्वा, लोणार, मेहकर आणि साखरखेर्डा या गावांसाठी त्यांनी जे करून ठेवले, त्याचे ऋण त्या कथेपेक्षा कमी नाही.